पोचलीस की फोन कर

दिवेलागणीची वेळ झाली की डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या गॅलऱ्या बायकांनी भरून जायच्या. आत देवापाशी निरांजन लागलेलं असायचं, कुकरची वाफ आणि उदबत्तीचा धूर एकमेकांत मिसळून जिन्यापर्यंत यायचा, खाली पोरांचा शेवटचा डाव रंगलेला असायचा, रुळांकडून भोंग्याचा एक लांब, ओला सूर यायचा, आणि कठड्यावर कोपरं टेकून उभी असलेली प्रत्येक बाई बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून रस्त्याच्या वळणाकडे बघायची. विचारलं तर म्हणायच्या, वारा खातोय. वारा खाणाऱ्यांच्या माना अशा ताणलेल्या नसतात.

आई त्यांत सगळ्यांत आधी येऊन उभी राहायची आणि सगळ्यांत शेवटी आत जायची. बाबांची गाडी ठरलेली, डबा ठरलेला, स्टेशनपासून घरापर्यंतची वाट ठरलेली, आणि तरीही रोज संध्याकाळी ते आजच पहिल्यांदा मुंबईला गेले असावेत आणि मुंबई हे परत न येण्याचंच ठिकाण असावं, अशा नजरेने ती त्या वळणाकडे बघत राहायची. वळणावर काळी बॅग दिसली की तिचे खांदे किंचित खाली यायचे. बस, एवढंच. ती आत वळायची, कणीक मळायला घ्यायची, आणि बाबा चपला काढेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर वाट पाहिल्याची एक रेघ शिल्लक नसायची.

आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेऊन मायेचं काही बोललंय, असं मला आठवत नाही. पण उंबऱ्यातून बाहेर पडताना तळहातावर दह्याची कवडी पडायची. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. निघालेल्याला ‘कुठे’ विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही. आणि बाहेर पडून चार पावलं गेलं, की न चुकता पाठीवर येऊन पडणारं ते एक वाक्य: पोचलीस की फोन कर. घरात फोन आला नव्हता तेव्हाही आई हे म्हणायची. शेजारी सरदेसायांकडे कर, म्हणायची.

परीक्षेला, प्रवासाला, कुणाच्या ऑपरेशनला देव पाण्यात ठेवायचे असतात, असं पुष्कळांनी नुसतं ऐकलेलं असतं. आई ते खरंच करायची. ताम्हन काठोकाठ भरून त्यात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलस्वामीचा टाक. आणि माणूस सुखरूप घरी आल्याशिवाय कुणाला बाहेर काढायचं नाही. मी साधी पुण्याला मावशीकडे गेले तरी माझ्या मागे देव बुडालेले असायचे. परत आले की ती त्यांना मऊ पंचाने हळूहळू पुसायची, बोटाच्या टोकाने गंध लावायची, आणि मला वाटायचं, लांबचा प्रवास करून थकून आले आहेत ते मी नव्हे, हे आहेत.

माझी सगळी ये-जा त्या पाण्यातून झाली.

काळजीला आमच्याकडे कुणी दुखणं म्हणत नसे. रात्री केव्हातरी आई उठायची, दाराची कडी बघायची, गॅसचं बटण बघायची, मग आम्हा भावंडांच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. मी जागी असले तरी झोपेचं सोंग घ्यायचे, कारण त्या बोटाला आल्याचा आणि कपड्यांच्या साबणाचा असा एक मिश्र वास असायचा की तो अंधारात जवळ यावा आणि थोडा थांबावा, असं वाटायचं. तिची मान कायम आखडलेली. पोट नाजूक. झोप सावध, पानाच्या सळसळीनेही मोडणारी. शेजारणी म्हणायच्या, फार मायाळू हो. आत्या म्हणायची, स्वभावच तिचा तसा. आणि एकदा स्वभाव म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही, औषध तर नाहीच.

मग 26 जुलै 2005 आला. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जिथे होत्या तिथे थांबल्या, फोन मुके झाले, दिवे गेले. बाबा फोर्टात अडकलेले. मला बाबांची चिंता होती, पण त्याहून जास्त धास्ती आईची होती. जी बाई गाडीला वीस मिनिटं उशीर झाला तर गॅलरीत पाय घासत राहते, ती आज काय करेल? आईने काही केलं नाही. म्हणजे, केलं ते असं: मेणबत्त्या शोधल्या, खालच्या मजल्यावरची मुलं वर आणली, मोठ्या पातेल्यात खिचडी टाकली, रडणाऱ्या एका नव्या सुनेला म्हणाली, “सगळेच अडकलेत गं. उद्या येतील. चालत येतील.” तिचा आवाज इतका सपाट आणि रुंद होता की आम्ही सगळे त्यावर झोपलो. त्या रात्री देव पाण्यात ठेवायचं ती विसरली.

बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, बूट हातात, कमरेपर्यंत चिखल. तिने पाणी तापवून दिलं. पुढे गाड्या सुरू झाल्या, कपडे वाळले, आकाश निळं झालं, आणि एका साध्या, कोरड्या, काहीही न घडलेल्या संध्याकाळी ती गॅलरीत उभी असताना तिचे हात कापताना मी पाहिले. संकटाला तोंड असतं. ते दिसतं, ऐकू येतं, त्याला खिचडीने आणि मेणबत्तीने उत्तर देता येतं. आईचा जन्मभराचा झगडा ज्याच्याशी होता त्याला तोंडच नव्हतं.

माझ्या वाट्याला ते आलं पारसिकच्या बोगद्यात.

डोंबिवलीहून फास्ट गाडीने मुंबईला जायचं तर दिव्यानंतर डोंगराच्या पोटातून जावं लागे. बोगदा 1916 सालचा, सुमारे 1.3 किलोमीटर लांब; गाडी वेगात असली तर दोन मिनिटांच्या आत पलीकडे. वर्षानुवर्षं मी त्यातून गेले होते, अंबाडा सोडून पुन्हा घालत, वाल सोलणाऱ्या बायकांच्या गप्पा ऐकत, अर्धवट डुलक्या घेत. त्या सकाळी गाडी आत शिरली, मंदावली, आणि थांबली. बाहेर काळा, घामेजलेला दगड. आत पंख्यांची घरघर. आणि मग, कुठलंही कारण न सांगता, माझं काळीज निसटलं. छाती इतक्या जोरात धडधडू लागली की गळ्यातलं मंगळसूत्र हलताना मला दिसत होतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, हवा समोर असून आत येईना, बायकांचे आवाज एकदम लांब गेले, काचेपलीकडे गेले, आणि माझे हात माझे नव्हते. मी मरतेय हे मला विचार म्हणून सुचलं नाही. ते बातमी म्हणून आलं.

“ताई, खिडकीत या. उठ गं तू, त्यांना बसू दे.” वाल सोलणाऱ्या बाईने माझं मनगट धरलं, ओलसर, हिरव्या वासाच्या हाताने, आणि सोडलं नाही. कुणीतरी लिमलेटची गोळी दिली. गाडी हलली. बोगदा संपला आणि खाडीचा उजेड डब्यात असा शिरला की मला त्याचासुद्धा राग आला.

ठाण्यात ईसीजी निघाला. नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गॅसेस आहेत, टेन्शन घेऊ नका. जणू मी ते हट्टाने मागून घेतलं होतं.

या निर्दोष धडधडीचा माग कितीतरी मागे जातो, हे मला नंतर कळलं. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना छातीत कळा यायच्या, दम लागायचा, काळीज उडायचं, आणि तपासलं तर हृदयात खोट सापडायची नाही; जेकब द कोस्टा या डॉक्टरने 1871 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि त्या दुखण्याला ‘चिडखोर हृदय’ म्हटलं. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅननने 1915 मध्ये शरीराची ही जुनी तयारी उलगडून दाखवली: धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात, रक्त पोटातून निघून हातापायांकडे धावतं, श्वास वाढतो, बुबुळं फाकतात, लढायचं किंवा पळायचं. मेंदूच्या आत खोलवर बदामाएवढे दोन पुंजके हा इशारा देतात, आणि ते विचार करायला थांबत नाहीत. घरचं कुत्रं चोरावर भुंकतं तितक्याच इमानाने पोस्टमनवरही भुंकतं, तसं. माझं इमानी जनावर त्या सकाळी अंधारावर भुंकलं होतं. मानसोपचारतज्ज्ञांच्या अमेरिकी नियमावलीत या झटक्यांच्या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली ती थेट 1980 मध्ये. तोवर किती बायकांना गॅसेस झाले असतील कोण जाणे.

क्लेअर वीक्स या ऑस्ट्रेलियन बाईंची गोष्ट मला त्या काळात कुठल्याशा दुपारी वाचायला मिळाली. त्या तरुण, हुशार संशोधक होत्या. क्षयाचं चुकीचं निदान झालं, आरोग्यधामात पडून राहावं लागलं, आणि तिथे छातीची जी धडधड सुरू झाली ती बाहेर आल्यावरही थांबेना. मग पहिल्या महायुद्धातून परतलेल्या एका मित्राने त्यांना सांगितलं की ही नुसती भीती आहे. खंदकात आमची काळजं अशीच उडायची. एवढंच. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि 1962 मध्ये त्यांनी अशा माणसांसाठी पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की भीती दोनदा येते. पहिली शरीराची, वीज चमकावी तशी, आपल्याला न विचारता. दुसरी आपण तिच्यावर घालतो: अरे बापरे, हे काय होतंय मला? पहिली विझायला निघालेली असते तोच दुसरी तिला पुन्हा पेटवते. तिच्याशी लढू नका, पळूही नका. तरंगा, आणि वेळ जाऊ द्या.

वाचायला सोपं. मी मात्र फास्ट सोडली होती.

स्लो गाडी डोंगराला वळसा घालून जाते: कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. मला ती वाट आवडू लागली, आणि तिच्यातला खरा धोका तोच होता. मुंब्र्याला एका अंगाला डोंगर उभा ठाकतो, त्याच्या खडकात वर मुंब्रादेवीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला खाडी. सकाळी ओहोटी असली की चिखल चांदीसारखा चकाकत पसरलेला असे, तिवरांच्या मुळांशी बगळे एका पायावर, एखादी होडी कललेली, आणि पावसाळ्यात डोंगरावरून इतके पांढरे ओहोळ सुटलेले असत की दारात लोंबकळणाऱ्या मुलीसुद्धा मोबाइलवरून नजर काढून तिकडे बघत. मी स्वतःला सांगायचे, सौंदर्यासाठी जातेय. लवकर निघायचे, उशिरा पोचायचे. मग लिफ्ट सोडली. मग नाट्यगृहात मधली खुर्ची नको, कडेची हवी. मग बँकेतली रांग, मग लग्नातली गर्दी. भीती कधी एकदम फार मागत नाही. दर वेळी थोडंसंच मागते, आणि आपण सुटलो म्हणून देऊन टाकतो.

शेवटी नवऱ्याने जवळजवळ ओढत एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी थायरॉइड तपासला. मग कागदावर एक फुगा काढून मला माझाच श्वास समजावला: घाबरल्यावर मी भराभरा श्वास घेते, त्यात कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, आणि त्या मुंग्या, ती चक्कर, ते लांब गेलेले आवाज सगळे त्यातून येतात. हवा कमी पडत नसते, जास्त झालेली असते. म्हणून श्वास घ्यायची घाई नको. सोडायला वेळ लावा, उच्छ्वास लांबला की हृदय आपसूक मंदावतं. एक गोळी दिली, तिचा गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं. आणि म्हणाल्या, आता फास्ट पकडायची. बोगद्यात जायचं ते पार व्हायला नव्हे, धडधड होऊ द्यायला.

पहिल्यांदा मी दाराची दांडी इतकी घट्ट धरली होती की तळहातावर वळ उठले. काळोख आला. जनावर भुंकलं. मी श्वास सोडत राहिले, दगडावरून सरकणारा डब्याचा पिवळा उजेड बघत राहिले, आणि ती लाट चढली, चढली, डोक्यावरून गेली, आणि मी काहीही केलेलं नसताना उतरली. असं मी पुन्हा पुन्हा गेले. आजही गाडी एखाद्या बोगद्यात शिरताना तळहात ओले होतात. होऊ देत.

पण सांगायची गोष्ट ही नाही. पहिल्या भेटीत त्या बाईंनी विचारलं होतं, “घरात आणखी कुणाला असं काही?”

“नाही,” मी म्हटलं. “आई फक्त काळजी करते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं.

एखादी व्यक्ती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरत नाही अशी काळजी करत असेल, आणि सोबत झोप उडालेली, मान-पाठ ताठरलेली, थकवा, चिडचिड असेल, तर वैद्यकाच्या लेखी तो आजार असतो, बरा होण्याजोगा. आईच्या बाबतीत सहा महिन्यांची अट मला विनोदीच वाटली. बायकांमध्ये चिंतेचे विकार पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात. काही रक्तातून येतात, काही घरातल्या हवेतून. थॉमस बॉर्कोवेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उभं आयुष्य काळजीच्याच अभ्यासात घालवलं. काळजी बहुतांशी शब्दांची असते, तो म्हणतो, चित्रांची नसते. भयंकर चित्र समोर येऊ नये म्हणून मन आतल्या आत बोलत राहतं. आणि ज्याची धास्ती घेतली ते बहुतेक वेळा घडतच नाही, म्हणून मनाला वाटतं, आपण काळजी केली म्हणूनच टळलं.

हे वाचलं आणि मला ताम्हन दिसलं. रोज संध्याकाळी बाबा घरी येत होते, आणि रोज संध्याकाळी आईला पुरावा मिळत होता. ती गॅलरीत उभी होती म्हणून गाडी आली. तिने श्वास तपासला म्हणून आम्ही सकाळी उठलो. इतक्या वर्षांचं यश हाताशी असताना कुठली बाई पहारा सोडेल?

आईला त्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कधीपासून होतं?” आईने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे.

“कधीपासून म्हणजे?” ती म्हणाली. “असंच असतं ना?”

गोळीबरोबर तिला एक वहीही मिळाली. आई कायम म्हणायची, “काही झालं तर?”, आणि तिथेच थांबायची. बाईंनी तिला ते वाक्य पुरं करायला लावलं, पेन्सिलीने. झालं तर काय होईल? मग तू काय करशील? मानसोपचारक कि. मो. फडक्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठीत आणून रुजवली, तिच्याशी या रीतीचं जवळचं नातं आहे. आईने मात्र तिला आपला देवघरातला संदर्भ जोडला. ती मनाचे श्लोक म्हणते, दोनशे पाचच्या दोनशे पाच. मला म्हणाली, “रामदासांनीसुद्धा मनाला रागावण्याआधी सज्जन म्हटलंय. मी आपली नुसती त्याला राबवतच आलेय.” वहीतली अक्षरं आधी बारीक, कोपऱ्यात दाटलेली होती. हळूहळू मोकळी झाली.

काही आठवड्यांनी दुपारी तिचा फोन आला. मी कामावर होते.

“झोप लागते गं आता,” ती म्हणाली. “सकाळी जाग येते तर उजाडलेलं असतं.”

“छान झालं की.”

“हो. पण...” पलीकडे पंखा फिरत होता, कुठेतरी बोअरिंगचा पंप चालू होता. “आता मी तुमच्यासाठी काही करतच नाही, असं वाटतं.”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. इतकी वर्षं जिला आम्ही स्वभाव म्हणालो ती तिची नोकरी होती, रात्रपाळीसकट, आणि ती सुटल्यावर तिच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मायाळू म्हणून आम्ही तिचं कौतुक केलं, तिच्या न झोपलेल्या रात्रींवर निवांत झोपलो, आणि तिला काय होतंय हे विचारण्याची गरज कुणालाही भासली नाही, कारण जे होत होतं ते आमच्या सोयीचं होतं. हे मला कडवट वाटतं, आणि ते तसंच राहू द्यावं असंही वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 मध्ये जगात सुमारे 30 कोटी माणसांना चिंतेचा विकार होता, आणि उपचार मिळतात ते चारांतल्या साधारण एकालाच. उरलेल्या तिघांतली एखादी तुमच्या घरात कणीक मळत असेल. तिला टेन्शन घेऊ नको म्हणून सांगू नका. थायरॉइड तपासून घ्या, कारण तो वाढला तरी अशीच धडधड होते. मैत्रिणीने सुचवलेली झोपेची गोळी देऊ नका, त्यांतल्या काहींची सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि तिला चालणार असेल तर तिच्यासोबत आत बसा. ते जमत नसेल, तर 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा सुरू आहे. क्रमांक 14416. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि ती चोवीस तास चालू असते.